भट्टीवालीच्या पोटातलं भांडण

भट्टीवाली पीठ मळायला उभी राहिली की आतल्या खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, हा तिच्या बापाच्या वेळेपासूनचा नियम होता. खोली तशी मोठी नव्हती. एका भिंतीला लाकडाची काथवट, पीठ मळायची, माणूस आडवा झोपेल एवढी लांब. दुसऱ्या भिंतीला पिठाच्या पोत्यांची थप्पी. तिसऱ्या भिंतीत भट्टीचं तोंड, आणि चौथ्या भिंतीत एक चौकोनी खिडकी. त्या खिडकीतून भाजलेले पाव बाहेर दुकानात जायचे आणि दुकानातली बडबड आत यायची. उंबऱ्याच्या आत भट्टीवालीचं राज्य. उंबऱ्याबाहेर, गल्ल्यावर, तिची भावजय. धाकटा भाऊ वारला तेव्हापासून बेकरी या दोघी बायकाच चालवत होत्या. पण दोघींच्या मधला तो उंबरा घरातल्या उंबऱ्यासारखा नव्हता, दोन देशांमधल्या नाक्यासारखा होता.

कारण जुनं होतं. भावजय नवी नवरी म्हणून आली, तेव्हा एकदा तिने कुणाला न विचारता काथवटीतल्या पिठात ओंजळभर साखर टाकली. तिच्या माहेरी म्हणे टाकत. त्या दिवशीचे पाव वरून करपले आणि आतून कच्चे राहिले. भट्टीवाली ओरडली नाही, आदळआपट केली नाही. फक्त म्हणाली, ''तू बाहेरचं बघ.'' भावजयीचे केस पांढरे व्हायला आले तरी ती बाहेरचंच बघत होती.

आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, जिथे ऊन पोचत नसे आणि भट्टीची धगही बेताने लागे, तिथे ओल्या फडक्याखाली एक मडकं होतं. त्यात आंबवण. बाजारातलं विकत आणलेलं खमीर त्या बेकरीत कधी शिरलं नाही. या आंबवणातला अर्धा भाग रोज पिठात जायचा आणि उरलेल्या अर्ध्यात नवं पीठ, नवं पाणी पडायचं. ते रात्रभर बुडबुडत राहायचं, फुगायचं, सुस्कारे टाकायचं. भट्टीवालीच्या बापाने ते लावलं होतं, बाप गेला आणि ते राहिलं. घरातले सगळे त्याला 'म्हातारा' म्हणत.

''नवऱ्याला एक वेळ विचारायची फुरसत नाही, आणि म्हाताऱ्याला मात्र दोन वेळा जेवू घालतेस,'' तिचा नवरा म्हणायचा. तो छोट्या टेम्पोतून पाव पोचवायचा. गोरागोमटा, सावकाश चालणारा, भांडणाला घाबरणारा माणूस.

''म्हातारा कुरकूर करत नाही,'' ती म्हणायची.

पीठ तयार झालं की नाही, हे ती जिभेने ठरवायची. मडक्यातलं चिमूटभर आंबवण जिभेवर ठेवायचं, टाळूला चोळायचं आणि गिळायचं. थुंकायचं नाही. बापाने तसंच शिकवलं होतं. तो म्हणे, जिभेवर पीठ गोडीगुलाबीनं बोलतं, घशाखाली उतरलं की खरं बोलतं. घशात हलकी जळजळ आली की म्हातारा जोरात आहे, पीठ कमी वेळ ठेवायचं. नुसताच दुधासारखा मऊपणा आला की तो आळसावला आहे, वाट बघायची. मळून झाल्यावर पिठाचीही तशीच एक चिमूट. शाळेत न गेलेल्या तिच्या बापाची ही एवढी एकच शाळा होती, आणि भट्टीवाली तिथली शेवटची विद्यार्थिनी.

दुखणं नेमकं कधी सुरू झालं, हे तिलाही सांगता आलं नसतं. आधी जेवण झालं की पोट फुगायचं, नगाऱ्यासारखं. मग जुलाब लागायचे, मग कित्येक दिवस सगळं बरं, मग पुन्हा तेच. त्यानंतर अंगातली ताकद हळूहळू झिरपून गेली. चेहरा पांढराफटक पडला. गिऱ्हाइकं म्हणत, पीठ लागलंय तोंडाला, पुसा. ती पुसायची, आणि खाली तोच रंग. कुणी पित्त म्हटलं, कुणी वय म्हटलं, कुणी चिंता म्हटलं. रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या. गोळ्या आत जायच्या आणि अंगाला काही न लागता निघून जायच्या. हाडं दुखू लागली. ज्या दिवशी पिठाचं पोतं उचलायला ती वाकली आणि पोतं जागचं हललंच नाही, त्या दिवशी तिने स्वतःच नवऱ्याला सांगितलं, ''टेम्पो काढा. मोठ्या दवाखान्यात जाऊ.''

मोठ्या दवाखान्यात पोटाचा आजार बघणारी डॉक्टरीण होती. वयाने लहान, पण घाई न करणारी. तिने आधी रक्त काढून घेतलं, मग घशातून दुर्बीण घालून आतड्याचे बारीक तुकडे काढून तपासले. सगळं हाती आल्यावर तिने भट्टीवालीला समोर बसवलं. नवरा बाजूच्या खुर्चीत, हातातली टोपी फिरवत.

''काकू, तुमच्या आतड्याची भिंत झिजलीय,'' डॉक्टरीण म्हणाली. कोपऱ्यातल्या बेसिनजवळ एक टॉवेल लटकत होता, तो तिने उचलून आणला. ''हा बघा. नव्या टॉवेलला असे उभे उभे धागे असतात ना? आतड्याचं अस्तर आतून असंच असतं. बारीक बारीक बोटांसारखं. त्या बोटांनीच अन्नातलं सत्त्व शोषलं जातं. तुमचा टॉवेल धुऊन धुऊन पातळ झाल्यासारखा झालाय. म्हणून लोहाच्या गोळ्या लागू पडत नाहीत.''

''झिजवला कुणी?''

''तुमच्याच पहारेकऱ्यांनी.''

नवऱ्याने टोपी फिरवायची थांबवली.

''रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात ना अंगात,'' डॉक्टरीण सांगू लागली, ''त्यातल्या निम्म्याहून जास्त आतड्यातच ठाण मांडून बसलेल्या असतात. कारण बाहेरचं जग सगळ्यात जास्त तिथूनच आत येतं. आणि मधे भिंत किती? एका पेशीच्या जाडीची. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. त्या भिंतीपाशी दिवसभर काय काय येतं बघा. भात, डाळ, भाजी, पाणी. शिवाय आत कायमचे राहणारे अब्जावधी जंतू, तेही बिचारे कामाचे. सगळंच परकं. प्रत्येकावर धावून जायचं म्हटलं तर माणूस दोन घास खाऊन आडवा होईल. म्हणून आतड्यातल्या पहारेकऱ्यांना आधी हात आवरायला शिकावं लागतं. त्यांच्यातल्या काहींचं तर कामच इतरांना गप्प बसवणं. 'अन्न आहे, जाऊ दे. जुना भाडेकरू आहे, राहू दे.' आणि त्याच गर्दीत खरा रोगजंतू घुसला, तर मात्र ओळखून त्याच्यावर तुटून पडायचं. दोन्ही एकाच वेळी. हे रोज, तुमच्या-माझ्या नकळत चालतं.''

''आणि माझ्यातल्यांना काय धाड भरलीय?''

''गव्हाच्या बाबतीत त्यांची समजूत फिरलीय. गव्हात ग्लुटेन नावाचा एक चिकट भाग असतो. पिठाला ताण येतो तो त्याच्यामुळेच. तो दिसला की तुमचे पहारेकरी समजतात हल्ला झाला, आणि लढायला उठतात. गव्हाचं त्यात काही बिघडत नाही. घाव बसतात ते तुमच्याच भिंतीवर. सिलिअॅक म्हणतात या आजाराला. जन्मापासून तशी एक ठिणगी असते अंगात. ती नेमकी केव्हा आणि कशाने पेटते, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही.''

जिच्या अंगाखांद्याला जन्मभर गव्हाचं पीठ चिकटलं, तिच्या पोटाने त्याच पिठाशी दावा मांडला होता.

''मग त्यांची समजूत घाला,'' ती म्हणाली. ''औषध द्या. इंजेक्शन द्या.''

''तसं औषध अजून कुणाच्या हाती आलेलं नाही. शोध चाललाय. आज उपाय एकच. गहू, जव आणि राय नावाचं परदेशी धान्य, तिन्ही बंद. जन्मभर. भांडायला समोर कुणी नसलं की पहारेकरी शांत होतात आणि भिंत पुन्हा उगवते. सावकाश, पण उगवते.'' डॉक्टरणीने टॉवेल बाजूला ठेवला. ''आणि काकू, बेकरीत पिठाची धूळ असते. ती नाकातोंडात जाते, घशाखाली उतरते. माझं ऐकाल तर ते काम सोडा.''

''पाव खाणं सोडते,'' भट्टीवाली म्हणाली. ''भट्टी नाही सोडणार. पोटातल्या पहारेकऱ्यांना वेड लागायचं, आणि मी बापाची भट्टी विझवायची? कशापायी?''

''अगं, डॉक्टर सांगतायत...'' नवरा म्हणाला.

''त्यांनी सांगितलं. मी ऐकलं. चला.''

आणि तिने पाव सोडला. कुणी काही म्हणो, तिने तो खरोखर सोडला. भट्टीतून पहिला पाव निघाला की त्याचं कुरकुरीत टोक मोडून खायचं, ही तिची लहानपणापासूनची चैन. ती सुटली. घरात तिची भांडी वेगळी झाली, तवा वेगळा, पोळपाट वेगळा. ती भात खाई, डाळ खाई, उकडलेले बटाटे, अंडी. नवऱ्याला तिच्यासमोर पाव खायची लाज वाटे, म्हणून तो मागच्या अंगणात जाऊन भिंतीकडे तोंड करून खायचा.

''अहो, चोरी केल्यासारखे काय खाता? माझ्यासमोर खा. मला काही होत नाही,'' ती आतून ओरडायची.

''मला होतं,'' तो तोंडात घास असतानाच म्हणायचा.

बेकरीत ती नाकातोंडावर जाड मास्क बांधून मळू लागली. गिऱ्हाइकं खिडकीतून डोकावून हसत. ''काय हो, पिठाला तुमचा संसर्ग होईल म्हणून की काय?'' ती मास्कच्या आतून म्हणे, ''तुमच्या चौकशांचा होतो, म्हणून.''

थोडं बरं वाटू लागलं. पोट फुगणं कमी झालं. पण ताकद काही परतली नाही, पोतं काही उचललं जाईना. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा रक्त तपासलं, तेव्हा त्यांच्या कपाळाला आठी पडली.

''काकू, लढाई थांबलेली नाही आत. रक्तात दिसतंय. कुठेतरी गहू जातोय पोटात.''

''नाही जात.''

''एखादं बिस्किट? कुणाच्या घरी चहाबरोबर?''

''मी खोटं बोलते असं वाटतं तुम्हाला?'' भट्टीवालीचा आवाज चढला. ''पावाचं टोक सोडलंय मी. त्याची किंमत तुम्हाला कळायची नाही.''

ती खोटं बोलत नव्हती. तिच्या लेखी तिने एक कणही खाल्लेला नव्हता.

''तुमच्यावर माझा विश्वास आहे,'' डॉक्टरीण म्हणाली. ''मग ती धूळच. मास्क पुरत नाहीये. आता मी नुसता सल्ला देत नाही, काकू. भिंत अशीच झिजत राहिली तर हाडं ठिसूळ होतील. क्वचित त्याहून वाईटही होतं. बेकरी बंद करा, नाहीतर कुणाच्या तरी हाती द्या.''

परतताना टेम्पोत नवरा समोर रस्त्याकडे बघत म्हणाला, ''भाड्याने देऊ. चांगली जागा आहे. कुणीही घेईल. तू घरी बस, आराम कर.''

''गाडी थांबवा.''

''इथे?''

''थांबवा म्हणते ना.''

पुलाच्या अलीकडे तो थांबला. ती उतरली आणि चालू लागली. टेम्पो तिच्या मागे मागे, माणसाच्या चालीने येत राहिला, आणि मागच्या गाड्या भोंगे वाजवत राहिल्या. हाडं ठणकत होती, दम लागत होता, पण तिने मान वळवली नाही. घर येईस्तोवर तिच्या डोक्यात एकच घोळत होतं: आराम म्हणजे काय? खाटेवर पडून दुसऱ्याच्या भट्टीचा वास घ्यायचा?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोजच्यासारखी आत गेली. मास्क बांधला. पीठ चाळलं. मग म्हाताऱ्याच्या मडक्यावरचं फडकं काढलं, मास्क हनुवटीवर ओढला, चिमूटभर आंबवण जिभेवर ठेवलं आणि गिळलं.

खिडकीत भावजय उभी होती. आज पाव किती होणार ते विचारायला आली होती, आणि हे बघून तिथेच थिजली.

''वन्सं! हे काय केलंत?''

''काय केलं?''

''गिळलंत की तुम्ही!''

''अगं, ते खाणं थोडंच आहे? ती परीक्षा आहे. चाखल्याशिवाय कळणार कसं?''

''पोटाला काय सांगायचं मग? ही परीक्षा आहे, तू बघू नकोस?''

''आणि ते पीठ राहिलंय कुठे आता?'' भट्टीवाली चिडली. ''रात्रभर आंबवलंय. म्हाताऱ्याने त्यातला गहू खाऊन टाकला. उरलाय तो आंबटपणा. माझ्या बापाचं आंबवण आहे ते, तुझ्या बाजारातलं पीठ नाही.''

''तुमच्या बापाचं असो नाहीतर राजाचं असो. डॉक्टरीणबाईंना सांगितलंत हे?''

''त्यात काय सांगायचं?''

भावजयीने गल्ल्याजवळचा फोन उचलून दवाखान्याचा नंबर फिरवला, बाई लाइनवर येईपर्यंत थांबली, आणि हात लांब करून फोन खिडकीतून आत दिला. ''तुम्हीच विचारा.''

इतकी वर्षं जिने उंबरा ओलांडला नाही, तिचा हात असा खिडकीतून आत आला होता, हे भट्टीवालीने पाहिलं. पण फोनवर 'हॅलो, हॅलो' चाललं होतं. तिने तो घेतला. ताठ मानेनेच विचारलं.

पलीकडून बराच वेळ उत्तर आलं. आंबवणातले जंतू ग्लुटेनचा थोडा भाग तोडतात, हे खरं. पण सगळा नाही, निम्माही नाही. आणि मळलेल्या पिठात तर तो पूर्ण असतो.

''पण एवढंसं? नखावर मावेल एवढं?''

''तुमच्या पहारेकऱ्यांना तेवढं पुरतं, काकू. ते वजन करत बसत नाहीत, ओळख पटली की उठतात. रोज चाखता?''

''रोज. दोनदा.''

डॉक्टरीणबाईंचा आवाज मऊ झाला. ''म्हणजे धुळीवर सगळा आळ घातला मी, आणि खरं कारण हे होतं. चला, सापडलं. आता चाखणं बंद.''

भट्टीवालीने फोन परत दिला. भावजयीच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं, आणि त्यामुळेच भट्टीवालीला जास्त राग आला.

''हसून घे,'' ती म्हणाली.

''हसले नाही मी.''

''मग हस ना. नाहीतर मला रात्रभर वाटत राहील की हसलीस.''

भावजय मान वळवून गिऱ्हाइकाकडे गेली.

त्या दिवसापासून भट्टीवालीची जीभ बंद झाली. तिने ठरवलं, नाक आहे, हात आहे, डोळे आहेत, तेवढ्यावर भागवू. मडक्याला कान लावून ती बुडबुडे ऐकायची. पिठात बोट खुपसून खळगा किती वेळाने भरतो ते बघायची. हे सगळं ती आधीही करायची, पण शेवटचा शब्द जिभेचा असायचा. आता शेवटचा शब्द नव्हता. म्हातारा उन्हाळ्याच्या तोंडावर जोरात आला होता, आणि तिला ते कळलं नाही. पीठ जास्त आंबलं, त्याचा ताण तुटला. भट्टीत गेलेले पाव फुगण्याऐवजी बसले. चपटे, ओलसर, जिभेला चावणारे. गिऱ्हाइकं दुसऱ्याच दिवशी परत घेऊन आली. एकाने गल्ल्यावर पाव आपटून दाखवला, ''दाराला अडसर म्हणून लावतो.''

नवरा खिडकीशी आला आणि हळूच म्हणाला, ''हिची जीभ आहे की.''

''कुणाची?''

''हिची.'' त्याने अंगठ्याने मागे भावजयीकडे खूण केली, आणि जबाब यायच्या आत टेम्पोकडे पळाला.

भट्टीवाली दिवसभर त्यावर घुमत राहिली. त्या उंबऱ्याआड तिने सगळ्या आयुष्याचा एकमेव गर्व जपला होता. हिला आत घ्यायचं? साखरवालीला? पण दुसऱ्या बाजूला ते बसलेले पाव होते. आणि भट्टी दुसऱ्याच्या ताब्यात जाण्याची दोनच कारणं उरली होती, एक तिचं पोट आणि दुसरं असले पाव. संध्याकाळी दुकानाची फळी लावताना तिने भावजयीला म्हटलं, ''उद्यापासून तू आत येऊन चाखत जा.''

''नाही,'' भावजय म्हणाली.

''काय?''

''इतकी वर्षं मला उंबऱ्याबाहेर उभं केलंत, वन्सं. एका ओंजळ साखरेपायी. तुमचा भाऊ होता तेव्हाही त्याची हिंमत झाली नाही तुम्हाला विचारायची. आणि आता तुम्हाला जीभ पाहिजे, म्हणून माझी जीभ आत, आणि मी बाहेर? मी काय चमचा आहे?''

''मग काय पाहिजे तुला?''

''आत आले तर मळीनही. हात घालीन पिठात. चुकले तर ओरडा, पण घालवायचं नाही.''

भट्टीवालीने अर्धी बंद फळी तशीच धरून ठेवली. रस्त्यावरून सायकली गेल्या, एक कुत्रं आत डोकावून गेलं.

''केस बांधून ये,'' भट्टीवाली म्हणाली. ''आणि त्या बांगड्या काढ. पिठात वाजतात.''

भावजय आत आली, पण शांततेत काही आली नाही. पहिल्याच दिवशी तिने आंबवण जिभेवर ठेवलं आणि म्हणाली, ''आंबट आहे.''

''आंबट म्हणजे कसं आंबट? लिंबाचं, दह्याचं, की तुझ्या बोलण्याचं?''

''तुमच्या स्वागताचं.''

''नीट सांग.''

भावजयीने डोळे मिटले. ''आधी काहीच नाही. मग जिभेच्या कडांना चिमटे. घशात थोडी ऊब.''

''ऊब की जळजळ?''

''ऊब.''

''मग अजून तासभर.'' भट्टीवालीचे हात मागे बांधलेले होते, जणू ते सुटले तर मडक्याकडे धावतील.

दोघींच्या जिभा एकसारख्या नव्हत्या. भावजयीला आंबटपणा लवकर कळायचा, भट्टीवालीला तो जेव्हा कळायचा त्याच्या आधीच. त्यामुळे पीठ लवकर भट्टीत जाऊ लागलं, आणि पाव जरा मऊ, जरा कमी आंबट होऊ लागले. जुनी गिऱ्हाइकं कुरकुरली, चव बदलली म्हणून. नवी गिऱ्हाइकं मात्र दोन दोन पाव नेऊ लागली. एकदा भट्टीवालीने खळगा बघून म्हटलं, ''झालं नाही अजून.'' भावजय म्हणाली, ''झालं.'' भट्टीवालीच्या तोंडाशी 'बाहेर हो' आलं होतं. अगदी दातांपर्यंत आलं होतं. तिने ते गिळलं. ''टाक,'' ती म्हणाली, आणि भट्टीचं तोंड उघडून दिलं. त्या दिवशी भावजय चुकली होती. पाव घट्ट झाले. भट्टीवालीने तिला ओरड ओरड ओरडून घेतलं, साखरेचाही उद्धार केला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मडक्यावरचं फडकं स्वतःच बाजूला करून म्हणाली, ''ये, चाख.''

तिने आणखी एक गोष्ट केली, डॉक्टरीणबाईंच्या धुळीच्या धाकाला उत्तर म्हणून. कोरं पीठ उडतं, ओलं पीठ उडत नाही. म्हणून पोतं ओतणं आणि चाळणं तिने नवऱ्यावर टाकलं, तेही मागच्या अंगणात, वाऱ्याच्या दिशेने पाठ करून. पीठ भिजलं, धूळ खाली बसली, की मग ती मास्क लावून आत यायची आणि काथवटीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालायची. नवरा चाळताना पांढराशुभ्र व्हायचा आणि शिंकत म्हणायचा, ''तुझे पहारेकरी शांत झाले, माझे उठलेत.''

''तुमचे उठलेत नुसतेच, लढत नाहीत. घरचं वळण.''

पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, आणि काही काळाने पुन्हा दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा बघितला. भट्टीवाली समोर बसली. या वेळी नवरा बाहेर टेम्पोत होता आणि बाजूच्या खुर्चीत भावजय होती.

''लढाई थांबलीय,'' डॉक्टरीण म्हणाली. ''भिंत उगवतेय. पूर्ण नाही अजून, पण उगवतेय. लोहही लागू पडतंय.''

भावजयीने तोंडाला पदर लावला. भट्टीवाली तिच्याकडे बघून म्हणाली, ''रडायला काय झालं? भिंत माझी आहे.''

''चाखते कोण आता?'' डॉक्टरणीने विचारलं.

''ही. माझ्यापेक्षा वाईट चाखते. पण चाखते.''

''गेल्या खेपेला चांगलं म्हणाला होतात,'' भावजय पदराआडून म्हणाली.

''तोंडावर म्हटलं नव्हतं मी. कुणी सांगितलं तुला?''

''दाजींनी.''

''तेही घरचे भेदीच.''

डॉक्टरीण हसली, आणि मग गंभीर झाली. ''काकू, एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. पहारेकरी शांत झालेत, त्यांची समजूत बदललेली नाही. गव्हाची ओळख ते विसरणार नाहीत. उद्या पुन्हा चिमूट गेली की पुन्हा उठतील. तुम्ही त्याच पिठात दिवसभर उभ्या राहणार. माझा सल्ला अजून तोच आहे. बेकरी सोडलेली बरी.''

भट्टीवालीने आपले हात टेबलावर ठेवले. नखांच्या कडांना वाळलेल्या पिठाची पांढरी रेघ होती. घासून घासून धुतली तरी न जाणारी.

''ते विसरणार नाहीत तर न विसरोत,'' ती म्हणाली. ''मीही काही विसरत नाही, हिला विचारा. त्यांनी त्यांचा पहारा करावा. मी तोंड बंद ठेवीन, मास्क लावीन, तुम्ही सांगाल ते रक्त देईन. दुर्बीण घालायची तर घाला. पण भट्टी सोडा हे मला पुन्हा सांगू नका, डॉक्टरीणबाई. सांगितलंत तरी उत्तर तेच येईल.''

''मी दर खेपेला सांगणार. माझं काम आहे ते.''

''सांगा. मी दर खेपेला येणार.''

डॉक्टरणीने पुढच्या तपासणीचा दिवस ठरवला आणि वेळ विचारली. ''सकाळी लवकर आलात तर गर्दी नसते.''

भट्टीवाली उठली. भावजयीला तिने डोळ्यांनीच 'चल' म्हटलं, आणि दारात पोचल्यावर मागे वळून म्हणाली, ''सकाळी नाही जमायचं. सकाळी पीठ असतं.''